बेटाची वाट दोन ते साडेचार

आमच्या ह्यांना पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की काशीने नवऱ्याचं गुपित पोटात ठेवलं. अठरा वर्षं झाली, हा माणूस रोज सकाळी फळ्यावर समुद्र लिहितो. भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, वारा कुठला, पाहुण्यांनी कुठे आंघोळ करावी आणि कुठे पायसुद्धा टाकू नये. आणि एक दिवस सोडला, तर स्वतः गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेला नाही. गुडघ्याला पाणी लागलं की मागे. मी एकदा म्हटलं, "अहो, लोक तुमच्या शब्दावर समुद्रात उड्या मारतात आणि तुम्ही लेंगा दुमडून काठावर उभे. शोभतं का हे?" तर म्हणाले, "ज्याला भ्या वाटतं तोच नीट बघतो."

नाव मोरेश्वर. सासूबाईंनी गणपतीला नवस बोलला होता म्हणून मोरेश्वर, पण एवढं लांब नाव घ्यायला गावात वेळ कोणाला, म्हणून मोरू. रिसॉर्टवर सगळे मोरूकाका म्हणतात. मी समोर 'अहो' म्हणते, माघारी काय म्हणते ते विचारू नका. आम्ही दोघंही आत तळा तालुक्यातली, भाताची माणसं. आमच्या गावातून समुद्र दिसत नाही, त्याचा वाससुद्धा येत नाही. ह्यांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला तो लग्नानंतर, आणि पाहून म्हणाले काय, "एवढं पाणी, आणि लावणीला उपयोग न्हाय."

मोठ्या शेठनी आगरदांड्याच्या अलीकडे नारळाची वाडी घेऊन बारा खोल्यांचं रिसॉर्ट काढलं, तेव्हा हे माळी म्हणून लागले आणि मी स्वयंपाकघरात. पहिल्याच वर्षी एका पाहुण्याने ह्यांना विचारलं, "काका, इथे पोहायला बरं आहे का?" ह्यांना काय ठाऊक? म्हणाले, "थांबा, विचारून येतो," आणि गेले होडीवाल्यांकडे. परत येईपर्यंत तो पाहुणा पाण्यात उतरलाही होता आणि पाण्याने ओढून खडकावर आपटलाही होता. गुडघे सोलून निघालेले, तोंड पांढरंफटक. वाचला. पण हे तीन दिवस धड जेवले नाहीत. चौथ्या दिवशी शाळेने टाकून दिलेला एक फळा कुठूनसा डोक्यावर घेऊन आले आणि वाडी संपते तिथे दोन खांबांना ठोकला.

होडीवाले हसायचे. भाताच्या खाचरात उभा राहणारा माणूस दर्याचं काय सांगणार, म्हणायचे. ह्यांनी कोणाला उलट उत्तर दिलं नाही. त्यांच्याच म्हाताऱ्यांना विडी द्यायची, शेजारी बसायचं आणि विचारायचं. असं करत करत शिकले. पहाटे एक बांबू घेऊन किनाऱ्याने चालत जायचं, कालची वाळू कुठे खचली, कुठे खड्डा पडला, पाणी परत जाताना कुठे जोरात ओढतंय, ते बघायचं. मग खडू. चार-पाच ओळी, मोठ्या अक्षरात. "सुरूच्या झाडांसमोर आंघोळीला हरकत नाही. काळ्या खडकाच्या डावीकडे खेच आहे, तिकडे कोणी जाऊ नये." समुद्र शांत असला तर खाली लिहायचे, "आज समुद्र शहाणा आहे." पाहुणे त्याचे फोटो काढतात. आणि समुद्र खवळलेला असला तर काय लिहावं ह्या माणसाने? "आज कोणी उतरू नये. स्वयंपाकघरात कांदाभजी आहेत." मला न विचारता हो. सकाळी आठ वाजता वीस माणसं ताटल्या घेऊन दारात, आणि माझा कांदा अजून चिरायचा. समुद्राला राग आला की कढई माझी तापते, असा आमचा संसार.

आता भरतीची वेळ कशी काढायची ते सांगते, कारण घोळ तिथेच झाला. आमच्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. एकादशी असली तर अकराचे पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठला पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. द्वादशीला बाराचे पाऊणपट नऊ. रोज पाणी पाऊण तास पुढे सरकतं. इतकं सोपं आहे, मलाही येतं. पण तिथी कुठून आणायची? भिंतीवर कॅलेंडर आहे, नाकावर चष्मा आहे, तरी हा माणूस रोज पहाटे चहाच्या वेळी मलाच विचारणार, "आज तिथी काय?" मी चतुर्थ्या करते, एकादश्या करते, तिथी माझ्या जिभेवर असते. मी सांगायची, हे बोटाच्या पेरांवर पाऊणपट करायचे. अठरा वर्षांत एकदाही चुकलं नाही.

आणि बेट. बेट म्हणजे फार मोठं काही समजू नका. समोर पाण्यात एक काळा खडकाळ तुकडा आहे, वर थोडी झुडपं. ओहोटीला किनाऱ्यापासून तिथपर्यंत वाळूची वाट उघडी पडते आणि चालत जाता येतं. अष्टमीच्या आसपास ओहोटी कमी असते, तेव्हा वाट उघडतच नाही. पुनवेकडे, अवसेकडे जाल तशी ती जास्त वेळ उघडी राहते. पाहुण्यांना त्याचं भारी कौतुक. ह्यांनी त्या वाटेवर लाल फडकी बांधलेले पाच बांबू रोवलेत, आणि वाट उघडी असेपर्यंत हे गळ्यात शिट्टी अडकवून ह्या टोकाला बसतात. शेवटचा पाहुणा परत आला की उठायचं. लघवीलासुद्धा जात नाहीत.

तर गेल्या पौषातली गोष्ट. मोठ्या शेठचे गुडघे गेले तेव्हापासून त्यांचा मुलगा चिराग बघतो सगळं. पोरगा वाईट नाही, माझ्या हातच्या तांदळाच्या भाकरीवर वाढलाय. पण त्याला फळ्याची धास्ती. "काका, 'उतरू नका' जरा कमी लिहा ना. लोक त्याचाही फोटो काढून टाकतात. लोकांना वाटतं इथे रोजच धोका." हे मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी जे असेल तेच लिहायचे. मोडेल पण वाकणार नाही, असा हा लेंगा.

त्या दिवशी सकाळी मी चूल पेटवून भात टाकत होते. आदल्या दिवशी माझी एकादशी झालेली, पोटात कावळे ओरडत होते, कधी एकदा उपास सोडते असं झालेलं. ह्यांनी चहाचा कप ठेवला आणि विचारलं, "आज तिथी काय?"

"काल एकादशी झाली, मग आज काय तेरावा असणार? द्वादशी," मी म्हटलं.

हसले आणि गेले. फळ्यावर लिहिलं, "भरती नऊ. ओहोटी सव्वातीन. बेटाची वाट दोन ते साडेचार."

एरवी सकाळची भरती हे उभं राहून बघतात. पण त्या दिवशी दिघीकडून फेरीबोटीने मोठा घोळका यायचा होता. चिरागने सातलाच ह्यांना गाडीत घातलं, सामान उचलायला म्हणून, आणि नेलं आगरदांड्याला. पाहुणे उशिरा आले, बॅगा ढीगभर, परत यायला एक वाजला. म्हणजे भरती कधी फिरली ते ह्यांच्या डोळ्यांनी बघितलंच नाही. दीडला वाटेवर गेले तर वाळू आधीच उघडी पडलेली. मागाहून मला म्हणाले, "मला वाटलं, सकाळपासून जमिनीवरचा वारा जोरात हाय, त्यानंच पाणी लवकर बाहेर काढलं." शहाणा माणूस चुकतो तेव्हा त्याला कारणंही शहाणी सुचतात.

चौदा पाहुणे बेटावर गेले. पावणेचारला मधल्या बांबूच्या बुडाला पाणी लागलं. लागायला हवं होतं साडेचारला. ह्यांनी शिट्टी फुंकायला सुरुवात केली ती थांबेचनात. मी आत वाटण वाटत होते, तिथपर्यंत आवाज आला, तशीच हात न धुता पळाले. अकरा जण पोटरीभर पाण्यातून धडपडत आले. तिघं राहिली. कल्याणचे जीवनराव, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, त्यांची बायको आणि मुलगी भक्ती. ती बेटाच्या पलीकडच्या अंगाला गेलेली, शिट्टी त्यांना ऐकूच गेली नाही.

मी पोचले तेव्हा हे पाण्यात होते. कमरेपर्यंत. दुसऱ्या बांबूला दोन्ही हातांनी मिठी मारलेली, आणि ओरडत होते, "मागं व्हा, पाण्यात उतरू नका, वर खडकावर बसा, होडी येते." ती तिघं आता अलीकडे आली होती आणि पाण्यात पाय घालायच्या बेतात होती. ह्यांचं ऐकून थांबली. मला त्या तिघांची काळजी वाटायला हवी होती, पण खोटं कशाला बोलू, मला ह्यांचीच वाटली.

होडीवाला हर्षद जाळं सुकवत बसला होता. दहा मिनिटांत होडी घालून तिघांना घेऊन आला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. भक्ती तर खूश, तिने होडीतून येतानाचा व्हिडिओ काढला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. लेक जीवनरावांना म्हणत होती, "बाबा, मी दहा वेळा म्हटलं चला, तुम्ही शंख वेचत बसलात." आई म्हणाली, "ह्यांचं नेहमीचंच आहे." मी सगळ्यांना आल्याचा चहा दिला आणि विषय संपला. सगळ्यांनी धरलं की पाहुण्यांनीच उशीर केला.

संध्याकाळी दिवेलागणीला हे स्वयंपाकघरात आले. चष्मा लावला आणि कॅलेंडरसमोर उभे राहिले. इतक्या वर्षांत त्या कॅलेंडरपुढे त्यांना मी प्रथमच पाहिलं. एका चौकोनावर बोट ठेवलं, मग शेजारच्या चौकोनावर ठेवलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "वाढ जेवायला."

ते हात धुवायला गेले तशी मी जाऊन बघितलं. कालच्या चौकोनात एकादशी. आजच्याही चौकोनात एकादशी, पुढे बारीक अक्षरात भागवत. अरे देवा. कधीकधी एकादशी दोन दिवस येते, पहिली आम्हा संसारी माणसांची आणि दुसरी माळकऱ्यांची. हे मला का ठाऊक नाही? तीस वर्षं उपास करते. पण मी माझा उपास केला, सोडला, आणि माझ्या पोटाच्या हिशेबाने द्वादशी लावून मोकळी झाले. पाऊण तास तिथे गेला.

ताट वाढून समोर बसले. "अहो, चूक माझी आहे."

"जेव."

"मी सांगते ते ऐका. कोणाला काही कळलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या नेहमीसारखं लिहा आणि सोडून द्या."

"भाकरी चांगली झालीय," म्हणाले. हा माणूस माझ्या भाकरीला चांगली म्हणाला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की ह्याच्या मनात काहीतरी शिजतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर सगळ्यात वर हे लिहिलेलं: "काल माझी चूक झाली. बेटाची वाट पावणेचारला बंद होणार होती, मी साडेचार लिहिलं. त्यामुळे तीन माणसं अडकली. त्यांचा काही दोष नाही. मी त्यांची माफी मागतो." आणि खाली, "आज वाट दोन ते साडेचार." त्या दिवशी खरीखुरी द्वादशी होती.

चिराग दात घासायचा ब्रश तोंडात धरूनच धावत आला. मी भाजी निवडायला ओट्यावर बसले होते, सगळं ऐकू येत होतं. "काका, हे काय? कोणाची तक्रार नाही, काही नाही. लोक खूश आहेत. आणि तुम्ही स्वतःहून गावभर सांगताय की रिसॉर्टने चुकीची वेळ दिली? हात दाखवून अवलक्षण. पुसा ते."

"न्हाय पुसत."

अठरा वर्षांत शेठच्या घरातल्या कोणाला ह्यांनी नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. चिरागनेही ऐकलं नव्हतं. मग म्हणाला, "इतकी वर्षं चुकला नाहीत, कालच कसे चुकलात?"

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. वाटलं, आता सांगतील. सांगावं. बायकोने तिथी चुकीची सांगितली म्हटलं असतं तर पोरगा हसला असता, मला चार शब्द बोलला असता, मीही ऐकून घेतले असते.

"कॅलेंडर बघितलं न्हाय," हे म्हणाले. "माझं काम होतं, मी केलं न्हाय."

चिराग फडकं घेऊन स्वतःच पुसायला निघाला होता, पण तोवर पाच-सहा पाहुणे फळ्यापाशी जमलेले, त्यांच्यादेखत कसं पुसणार? मग आवाज खाली आणून म्हणाला, "ठीक आहे. राहू दे आजच्या दिवस. उद्यापासून फळा बंद. रिसेप्शनवरून रचना मोबाईलवर वेळा काढून कागद लावेल. तुम्ही आपली झाडं बघा."

ह्यांनी खडूचा डबा फळ्याच्या खाली ठेवला आणि वाडीत निघून गेले. दिवसभर नारळांच्या आळ्यांतली माती उकरत होते, जिथे उकरायची काही गरज नव्हती. वाट उघडली तेव्हा मात्र येऊन बसले, शिट्टी घेऊन. ती कोणी काढून घेतली नव्हती. दुपारी अर्धी भाकरी खाल्ली. मी म्हटलं, "अहो, सांगा ना त्याला." तर म्हणाले, "काय सांगू?" जसं काही मीच वेडी.

मला झोंबलं ते हे. ह्या माणसाला मी अठरा वर्षं म्हणत आले की तुमचा जीव त्या फळ्यात आहे, बायकोत नाही. भांडणात म्हटलंय, चारचौघांत म्हटलंय. आणि आता फळा हातचा गेला तरी माझं नाव काही ह्यांच्या तोंडातून येत नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावला तर ओरडायचं कोणाच्या नावाने?

तिसऱ्या दिवशी मी पहाटे उठले, चूल नंतर पेटवली. फळ्यावर ह्यांची माफीची ओळ तशीच होती, खालची वाटेची वेळ तेवढी ह्यांनी काल वाट बंद झाल्यावर पुसलेली. शेजारी रचनाने आदल्या संध्याकाळीच कागद चिकटवून ठेवलेला. मी सातवीनंतर खडू हातात धरला नव्हता. अक्षर कोंबडीच्या पायाचं. तरी ह्यांच्या ओळीखाली लिहिलं: "तिथी मी चुकीची सांगितली. एकादशी दोन दिवस होती, मी एकच धरली. चूक ह्यांची नाही. काशी, स्वयंपाकघर."

रचना आमची रिसेप्शनवर असते, इथल्याच मास्तरांची मुलगी, घरी कोणी उपासतापास मानत नाही, बोलायला तिखट. साडेसातला स्कूटीवरून उतरली, वाचलं आणि सरळ स्वयंपाकघरात. "काकी, 'ह्यांची' म्हणजे कोणाची, ते कल्याणच्या पाहुण्यांना कसं कळणार?"

"कळतं सगळ्यांना. नवऱ्याचं नाव काय फळ्यावर लिहू?"

"आमच्याकडे एकादशी नसते बघा, म्हणून आमच्या वेळा चुकत नाहीत," ती म्हणाली, आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. बरं वाटलं.

नाश्त्याची पहिली पंगत उठली तशी जीवनराव कागदासमोर उभे राहिले. त्यांना दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, जाण्याआधी एकदा परत बेटावर जायचं होतं. मी पोहे घेऊन तिथेच उभी होते. "रचनाताई, इथे लिहिलंय ओहोटी तीन बावन्न. वाट कधी उघडते?"

"ते कागदावर नाही, सर."

चिराग पुढे आला. "तुम्ही अडीचला जा ना, काही प्रॉब्लेम नाही."

"आणि परत किती वाजेपर्यंत यायचं?"

चिरागने मोबाईल काढला. वर केला, खाली केला. मोबाईलात ओहोटीची वेळ होती, वाऱ्याचा वेग होता, लाटांची उंची होती, पण ती कुठल्या तरी दूरच्या बंदराची. आमच्या वाळूच्या वाटेचं त्यात काही नव्हतं. त्याने समुद्राकडे बघितलं. बापाचा एक गुण पोराने उचललाय, माहीत नसलं की थाप मारत नाही. म्हणाला, "ते मला नाही सांगता येणार, सर."

"मग ज्यांना येतं त्यांना बोलवा."

"सर, त्यांच्याच चुकीमुळे तुम्ही अडकलात. तरी तुम्हाला तेच हवेत?"

जीवनरावांनी फळ्याकडे बोट केलं. "अहो, त्या दिवशी संध्याकाळपासून माझ्या घरात मीच चोर होतो. बाबांमुळे अडकलो, बाबा शंख वेचत बसले. बायको बोलली, लेक बोलली, कल्याणला जावयाला फोन झाला. आता बाबांना एकटं कुठे सोडायला नको, असं ठरत होतं. मीसुद्धा मानलं होतं, म्हटलं वय झालं, वेळेचं भान राहत नाही. काल सकाळी हे वाचलं, तेव्हा आदल्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा चहा गोड लागला. मी चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलंय. चुकलं तर पुसायचो. पोरांना सांगत नसायचो."

भक्ती बापाच्या मागे उभी होती. तिने त्यांच्या खांद्यावरची शाल नीट केली.

चिराग माझ्याकडे वळला. "काकी, खालचं हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. आता काढायचं तर दोघांना काढा. एकादशी माझी होती."

"दोघांना काढून जेवण काय मी करू?" तो म्हणाला. "बोलवा काकांना."

"तुम्हीच बोलवा. बंद तुम्ही केलंत."

गेला बिचारा वाडीत. चांगली चप्पल चिखलात घालून गेला. पाच मिनिटांनी दोघे येताना दिसले, चिराग पुढे काहीतरी बोलतोय आणि हे मागे, हाताची माती लेंग्याला पुसत. किती वेळा सांगितलंय लेंग्याला पुसू नका. पण त्या वेळी मी काही बोलले नाही. मला वाटत होतं, आता हे माझ्या ओळी वाचतील, ह्यांना कळेल की बायकोलाही काळीज आहे.

फळ्यापाशी आले, चष्मा लावला आणि वाचलं. हळूहळू वाचलं. आणि हा माणूस असा काही भडकला की मी दोन पावलं मागे झाले.

"हे काय लिहिलंस?"

"खरं ते लिहिलं."

"लोकांनी तुला विचारलं होतं का? लोक माझं बघून पाण्यात जातात. तू मला सांगितलंस, ते आपल्या घरात. लोकांना मी सांगितलं." आणि तळहात फळ्याला लावला.

"काका, थांबा," चिराग मध्ये पडला. "काकींची ओळ राहू दे. ती छान आहे, पाहुण्यांना आवडली. तुमची पुसा, हवं तर."

ह्यांनी ऐकलंच नाही. माझ्या दोन ओळी पुसल्या, माझं नाव पुसलं, स्वयंपाकघर पुसलं. त्यांची स्वतःची चूक होती तिथेच ठेवली. खाली खडूने लिहिलं, "आज वाट अडीच ते साडेपाच." मग जीवनरावांना म्हणाले, "सर, पाचला निघा. शंख पलीकडच्या अंगाला चांगले हायेत."

मला राग आला होता. एवढ्या लोकांत माझं नाव पुसलं. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "अहो, निदान नाव तरी राहू द्यायचं. मी काय परकी आहे?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. फळ्यावरच्या अक्षरांकडेच बघत राहिले. "उद्या ह्या पाण्यात कोणाचं बरंवाईट झालं तर लोक फळ्यावरचं नाव घेऊन घरात शिरतील," म्हणाले. "तिथं तुझं नाव नको."

मी पोह्यांची परात तशीच कठड्यावर ठेवली आणि स्वयंपाकघराकडे पळाले, कारण माझे डोळे वाहायला लागले होते आणि पाहुण्यांची अजून एक पंगत बाकी होती.